संमतीवाचून ठरलेली किंमत

वाणिज्य शाखेच्या वर्गात ‘ख्याती’ हा विषय दरवर्षी येतो. पेढी विकली जाते तेव्हा इमारत, यंत्रे, शिल्लक माल आणि येणे यांच्या किमतीपलीकडे घेणारा आणखी काही रक्कम मोजतो. ती पेढीच्या नावाबद्दल असते, बांधलेल्या गिऱ्हाइकाबद्दल असते, वर्षानुवर्षे पाळलेल्या शब्दाबद्दल असते. तिचे सूत्र फळ्यावर मांडता येते. मागील काही वर्षांचा सरासरी नफा काढावयाचा आणि त्याला ठरावीक वर्षांनी गुणावयाचे. राजीखुशीने घेणारा आणि राजीखुशीने देणारा यांच्यात जी ठरते ती रास्त किंमत, हे वाक्य मुले वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत तसेच्या तसे लिहितात. यंदा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, देणारा राजी नाही, पण खरेदीखतावर सही त्याचीच आहे. मग ती किंमत धरायची की नाही?” तो प्रश्न कायद्याचा आहे, अर्थशास्त्राचा नव्हे, असे उत्तर देऊन प्रस्तुत लेखकाने तास संपवला. घंटा झाली होती हे खरे. पण उत्तर चुकीचे होते हेही तितकेच खरे.

या प्रश्नाचा छडा लावावयाचा तर कल्पित उदाहरणे रचण्याची गरज नाही. नाझी राजवटीत आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील लोकर, फर आणि तयार कपड्यांच्या घरगुती पेढ्यांचे जे झाले, त्यात त्याचे उत्तर सविस्तर लिहून ठेवलेले आहे. हा धंदा तिकडे मोठ्या प्रमाणावर कुटुंबांच्या हाती होता आणि त्या कुटुंबांत ज्यू कुटुंबे पुष्कळ होती. बर्लिनमध्ये हाउसफोगटाय चौकाच्या आसपास तयार कपड्यांचे कारखानदार दाटीने नांदत होते. लाइपझिग शहरातील ब्र्यूल ही गल्ली तर जगाच्या फर व्यापाराची एक राजधानीच होती. १९३० मध्ये फर व्यापाराचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले ते याच शहरात.

आता एकाच पेढीची हकीकत पाहू. कार्ल योएल यांनी १९२८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे कापडचोपड आणि कपडे टपालाने पाठविण्याचा धंदा सुरू केला. आपल्याकडे एके काळी खेड्यापाड्यांतील वाचक व्ही. पी.ने पुस्तके मागवीत, तसाच हा व्यवहार. चित्रे असलेली यादी घरी यावयाची, गिऱ्हाइकाने पत्र टाकावयाचे आणि पुडके दारात यावयाचे. धंदा वाढला आणि देशातील मोठ्या टपालविक्री पेढ्यांत योएल यांचे नाव घेतले जाऊ लागले. पण न्यूरेंबर्ग हे यूलिउस स्ट्रायखरचे गाव. त्याच्या ‘डेर श्ट्युर्मर’ या विखारी पत्राने योएल यांना नाव घेऊन लक्ष्य केले. १९३४ मध्ये योएल यांनी बिऱ्हाड आणि पेढी बर्लिनला हलविली. राजधानीत माणूस गर्दीत लपून जाईल, असा त्यांचा हिशेब असावा. पण पेढीवर ज्याचे नाव असते तो गर्दीत लपत नाही. घरगुती पेढीचे मोठे भांडवल म्हणजे घराण्याचे नाव. इथे तेच नाव आरोपपत्र झाले.

जुलै १९३८ मध्ये योएल यांनी पेढी विकली. घेणाऱ्याचे नाव योझेफ नेकरमान, वय वर्षे सव्वीस, व्युर्झबुर्गच्या कोळसा व्यापाऱ्याचा मुलगा. हा काही नवशिका नव्हता. १९३५ मध्येच त्याने आपल्या गावातील एका ज्यू मालकाचे मोठे दुकान घेतले होते. योएल यांच्या पेढीची किंमत सुमारे तेवीस लाख मार्क ठरली. मग निरनिराळ्या कारणांनी त्यातून वजावटी झाल्या आणि आकडा निम्म्यावर आला. जी रक्कम उरली ती बर्लिनच्या एका बँकेतील खात्यात गेली, पण त्या खात्यावर योएल यांचा हात पोहोचत नव्हता. ते पत्नीसह स्वित्झर्लंडला निसटले, तेथून क्यूबाला आणि पुढे अमेरिकेला. तेवीस लाखांच्या करारावर सही करणाऱ्या माणसाच्या खिशात त्यातला एक मार्कही पडला नाही.

या व्यवहारात खरेदीखत आहे, सह्या आहेत, आकडा आहे, बँक आहे. बाजाराची सगळी भांडीकुंडी मांडलेली आहेत. मग नाही काय? ‘विकत नाही’ असे म्हणण्याची सोय तेवढी नाही.

ही सोय काढून घेण्याचे काम एका दिवसात झाले नाही आणि दंडुक्याने तर फारच थोडे झाले. ते कागदाने झाले. देश सोडून जाणाऱ्याच्या मालमत्तेवर पंचवीस टक्के कर आकारण्याचा हुकूम १९३१ चा, म्हणजे नाझींच्या आधीच्या प्रजासत्ताकाचा. पैसा बाहेर पळू नये एवढाच त्याचा हेतू होता. नव्या राजवटीने तोच हत्यार म्हणून वापरला. २६ एप्रिल १९३८ च्या हुकुमाने पाच हजार मार्कांवरील सर्व ज्यू मालमत्तेची नोंद सक्तीची झाली. पेढी विकण्याला सरकारी मंजुरी लागू लागली आणि मंजुरी देणारे अधिकारी किमतीची छाननी करू लागले. ही छाननी किंमत फार कमी आहे का हे पाहण्यासाठी नव्हती. ती जास्त तर नाही ना हे पाहण्यासाठी होती. माल आणि यंत्रे यांचे पडेल दराने मोल धरावयाचे आणि ख्यातीचे मोल धरावयाचेच नाही, असा रिवाज पडला. ज्यू माणसाच्या पेढीला ख्याती असूच शकत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. नोव्हेंबर १९३८ मध्ये दुकाने फोडली गेली, त्यानंतर १२ नोव्हेंबरला ज्यूंना व्यापारातून हद्दपार करणारा हुकूम निघाला आणि ३ डिसेंबरच्या हुकुमाने विक्री उघडउघड सक्तीची झाली. तोवर शहाणे खरेदीदार आपले काम उरकून मोकळे झाले होते.

टपालविक्रीच्या धंद्यात ख्याती वगळणे म्हणजे काय, हे वाचकांनी क्षणभर ध्यानात घ्यावे. अशा पेढीजवळ गोदामातील कापड किती, हा प्रश्न गौण असतो. कापड कुठेही मिळते. तिची खरी दौलत म्हणजे गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची यादी आणि न पाहिलेल्या मालासाठी पैसे पाठविणाऱ्या बाईचा त्या नावावरचा विश्वास. ही दौलत हिशेबात शून्य धरली गेली आणि नव्या मालकाकडे फुकट गेली.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. पेढी विकली जाणारच होती. याने घेतली नसती तर दुसऱ्याने घेतली असती. युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, कारण तो अर्थशास्त्राची भाषा बोलतो. खरेदीदार अनेक असले की किंमत चढते, हे आम्हीच शिकवितो. पण इथे खरेदीदारांच्या चढाओढीला अधिकाऱ्यांनी वरून टोपण घातले होते आणि विकणाऱ्याची घटका भरत आली होती. एक आठवडा थांबला तर भाव आणखी पडणार आणि जीवही धोक्यात येणार. अशा ठिकाणी दहा खरेदीदार असले काय आणि एक असला काय! फ्रांक बायोर या इतिहासकाराने हँबुर्गमधील अशा व्यवहारांचा अभ्यास केला. त्याला खरेदीदारांचे तीन वर्ग आढळले. काही जण दमदाटी करून भाव पाडणारे, बरेच जण मुकाट्याने फायदा पदरात पाडून घेणारे, आणि मूठभर माणसे अशी की ज्यांनी मालकाला त्याच्या पेढीचे खरे मोल देण्याचा प्रयत्न केला. या तिसऱ्या वर्गाला कधी कायदा मोडून, चोरून पैसे पोहोचवावे लागले. रास्त किंमत देणे हा जेथे गुन्हा ठरतो, तेथे बाकीच्यांनी ‘आम्ही कायद्याने वागलो’ हे सांगण्याला काय अर्थ उरतो? आणि ती मूठभर माणसे होती, म्हणजे दुसरी वाटही होती.

तयार कपड्यांच्या क्षेत्रात तर व्यापाऱ्यांनी सरकारची वाटही पाहिली नाही. ‘आडेफा’ या नावाची कारखानदारांची संघटना मे १९३३ मध्येच उभी राहिली. ज्यू हात न लागलेले कपडे गिऱ्हाइकाला ओळखता यावेत म्हणून तिने कपड्यांवर आपली खूणचिठ्ठी शिवण्यास सुरुवात केली. ऑगस्ट १९३९ मध्ये संघटना विसर्जित झाली, कारण करावयाचे काम संपले होते. पंधरा दिवसांत युद्ध सुरू झाले.

युद्धाने उद्योगांना चालना मिळते, असे एक वाक्य आपल्या क्रमिक पुस्तकांत ठाण मांडून बसले आहे. लोकरीच्या धंद्याने ते तपासून पाहण्यासारखे आहे. जर्मनीची लोकर मुख्यतः बाहेरून यावयाची आणि परकीय चलनाची तर टंचाई. म्हणून १९३४ पासूनच लोकरीच्या वाटपावर सरकारी नियंत्रण कचेरी बसली. गिरणीवाल्या कुटुंबाचे पिढ्यांचे शहाणपण, म्हणजे कोणत्या हंगामात कोणती लोकर घ्यावी आणि कोणाला किती उधार द्यावे हे ज्ञान, निरुपयोगी ठरू लागले आणि कचेरीच्या व्हरांड्यात कोणाशी ओळख आहे याला भाव आला. परमिटांचा काळ पाहिलेल्या आपल्या पिढ्यांना हे फोड करून सांगावयास नको. लोकरीची जागा लाकडाच्या लगद्यापासून काढलेला कृत्रिम धागा घेऊ लागला. नोव्हेंबर १९३९ मध्ये कपड्यांचे रेशनकार्ड आले. माणशी वर्षाला शंभर गुण, आणि पुरुषाच्या एका सुटालाच साठ गुण लागत. १९४० च्या आरंभी ज्यूंना या कार्डातून वगळण्यात आले. म्हणजे कपड्यांचे कारखाने ज्यांच्या हातून गेले, त्यांना अंगावरचा कपडाही बाजारातून घेता येईना. गिऱ्हाईक एकच उरले, सरकार. चालना मिळाली ती त्या गिऱ्हाइकाच्या दारात ज्याला उभे राहता आले त्याला.

नेकरमान उभा राहिला. युद्धकाळात बर्लिनमध्ये कपड्यांच्या मध्यवर्ती साठ्यासाठी जी संस्था निघाली, तिच्या प्रमुखपदी तो पोहोचला. पूर्व आघाडीवरील सैनिकांसाठी तयार केलेला हिवाळी गणवेश त्याने १९४२ मध्ये खुद्द हिटलरपुढे मांडला.

या गणवेशाची वेळ का आली, ती कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये अशी आहे. २२ जून १९४१ रोजी जर्मन फौजा रशियात घुसल्या त्या शरद ऋतूपूर्वी मोहीम आटोपेल या भरवशावर. डिसेंबरात मॉस्कोपुढे माणसे गारठून मरू लागली. २० डिसेंबरला गोबेल्सने रेडिओवरून जनतेला लोकरीचे आणि फरचे कपडे देण्याचे आवाहन केले. तीन आठवड्यांत सुमारे पावणेसात कोटी नग गोळा झाले. गोळा झालेल्या मालातून कोणी काही लाटले तर देहान्त, असा हुकूम हिटलरने काढला. ब्र्यूल गल्लीतील ज्यू फर व्यापारी तोवर लंडन आणि न्यूयॉर्कची वाट धरून गेले होते, काहींना तीही मिळाली नव्हती. जगाच्या फरचा बाजार ज्या देशात भरत होता, त्या देशाचे सरकार आता दारोदार बायकांचे कोट मागत होते.

जर्मनांकडे मागितले, वॉर्सात मागितले नाही. डिसेंबर १९४१ च्या शेवटच्या आठवड्यात वॉर्सा घेट्टोतील सर्व ज्यूंनी आपल्याजवळची फर काही दिवसांत आणून द्यावी, न दिल्यास मृत्युदंड, असा हुकूम सुटला. घेट्टोच्या ज्यू मंडळाचे अध्यक्ष आडाम चेर्न्याकूव्ह यांना तो अमलात आणावा लागला. त्यांच्या रोजनिशीत त्या दिवसांच्या नोंदी आहेत. ऐन पोलंडच्या थंडीत अंगावरच्या कोटाची गळपट्टीसुद्धा उसवून द्यावयाची! लगेच जानेवारीत जर्मनीतील ज्यूंकडूनही फर आणि लोकरीचे कपडे काढून घेण्यात आले.

फर जमा झाली, आता ती दुरुस्त कोण करणार? कारागीर तर भिंतीआड कोंडलेले. मग कारखानदार भिंतीआड गेले. डान्झिगचा फर व्यापारी शुल्त्स आणि ब्रेमेनचा कपडेवाला ट्योबेन्स यांचे कारखाने वॉर्सा घेट्टोत धडाक्याने चालू लागले. १९४२ च्या उन्हाळ्यात घेट्टोतून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या, तेव्हा या कारखान्यांतील कामाचे ओळखपत्र म्हणजे जगण्याचा परवाना, असे लोकांना वाटू लागले. माणसे स्वतःचे शिवणयंत्र उचलून दारात उभी राहत, की निदान यंत्रासाठी तरी आपल्याला आत घ्या. श्रम मजुराचे, यंत्र मजुराचे आणि वर प्रवेशासाठी विनवणीही त्याचीच! मार्क्सनेही असा कारखाना कल्पिला नव्हता. १९४३ मध्ये हे कारखाने कामगारांसह पोन्यातोव्हा आणि त्राव्हनिकी येथील छावण्यांत हलविण्यात आले. त्या वर्षीच्या ३ आणि ४ नोव्हेंबरला या दोन छावण्यांत आणि मायदानेक येथे मिळून बेचाळीस हजारांच्या आसपास ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. कपडे शिवणारे हात सैन्याला हवे होते, तरीही. उत्पादनक्षमतेचा कोणताही नियम या निर्णयाचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही. तो देण्याचा खटाटोप आम्ही अर्थशास्त्राच्या लोकांनी करूही नये.

वूच हे पोलंडचे गिरणगाव, आपल्या सोलापूर-गिरणगावच्या माणसाला तेथील धुराडी ओळखीची वाटावीत असे. तेथील घेट्टोत शंभराच्या आसपास कार्यशाळा होत्या. सैन्याचे गणवेश तेथे शिवले जात आणि जर्मन खाजगी पेढ्यांचा मालही तेथे होत असे. नेकरमानच्या संस्थेच्या मागण्याही त्यांत होत्या. कामगारांना मोबदला मिळे तो घेट्टोपुरत्या छापलेल्या नोटांत. भिंतीपलीकडे त्या नोटेला कागदाचीही किंमत नव्हती. योएल यांचे बर्लिनमधील खाते आणि वूचमधील शिंप्याची ती नोट या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत. आकडा लिहिलेला आहे, पण ज्याच्या नावे लिहिला आहे त्याला तो कुठेही नेता येत नाही. पैसा म्हणजे पुढच्या दुकानात जाण्याचे स्वातंत्र्य. ते काढून घेतले की उरते ती नुसती पावती.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी एका कायद्यात सापडले, म्हणजे ‘तो प्रश्न कायद्याचा’ हे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे अगदीच वाया गेले नाही म्हणावयाचे. जर्मनीच्या अमेरिकी ताब्यातील भागात नोव्हेंबर १९४७ मध्ये मालमत्ता परत करण्याचा कायदा झाला. छळ झालेल्या माणसाने त्या काळात केलेली विक्री ही मुळात जप्तीच होती, असे त्याने गृहीत धरले. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर. त्यासाठी दोन गोष्टी दाखवाव्या लागत. किंमत रास्त होती आणि विकणाऱ्याला ते पैसे मोकळेपणाने वापरता आले. रास्त किंमत म्हणजे काय, तर राजी असलेल्या ग्राहकाने दिली असती आणि राजी असलेल्या विक्रेत्याने घेतली असती ती. आणि व्यापारी पेढी असेल तर ख्यातीसुद्धा धरावयाची, छळ न झालेल्या माणसाच्या हाती त्या पेढीला जी ख्याती असती ती. आमच्या फळ्यावरचे वाक्य कायद्याने जसेच्या तसे उचलले आणि त्यात जो शब्द आम्ही घाईने ओलांडतो त्या ‘राजी’ या शब्दावर सगळा भार टाकला.

भूसंपादनाच्या आपल्या कायद्यातही हे तत्त्व वेगळ्या रूपाने आहे. सरकार जमीन घेते तेव्हा मालकाला नाही म्हणता येत नाही, म्हणून बाजारभावावर वाढीव दिलासा रक्कम द्यावयाची. ती १८९४ च्या कायद्यात पंधरा टक्के होती, १९८४ मध्ये तीस झाली आणि २०१३ च्या कायद्याने शंभर टक्के झाली. ती शेतकऱ्याच्या हाती केव्हा आणि किती पडते, हा वेगळा लेखाचा विषय. पण नकाराची मुभा नसेल तर किंमत वाढली पाहिजे, एवढे तरी आपला कायदा मान्य करतो. १९३८ च्या बर्लिनमध्ये नकाराची मुभा नव्हती म्हणून किंमत उतरली.

योएल यांनी युद्धानंतर दावा लावला. १९५७ मध्ये नेकरमानने वीस लाख जर्मन मार्क देऊन तडजोड केली. तोवर नेकरमानचे नाव पश्चिम जर्मनीत घरोघर झाले होते. १९५० मध्ये फ्रांकफुर्टला त्याने पुन्हा टपालविक्रीचीच पेढी काढली होती. पुढे घोडेस्वारीत त्याने ऑलिंपिकची सुवर्णपदकेही मिळविली, आणि देशातील खेळाडूंना मदत करणाऱ्या संस्थेचा तो संस्थापक म्हणून गौरविला गेला. १९९२ मध्ये तो वारला आणि २०१२ मध्ये त्याच्या नावाच्या पेढीने दिवाळे जाहीर केले. योएल यांचा नातू बिली योएल अमेरिकेत नामांकित गायक झाला. त्याचे नाव आपल्याकडील तरुणांनाही ठाऊक आहे. वॉर्सातील कोटांच्या आणि शिवणयंत्रांच्या मालकांपैकी दावा लावण्यासाठी फारच थोडे उरले होते.

आपल्या वाचकांत कचेऱ्यांतून काम करणारे पुष्कळ आहेत, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी. योएल यांच्या करारासारखे हजारो करार मंजूर झाले ते नोंदणी कारकून, कर अधिकारी, मूल्यमापक आणि बँकेतील हिशेबनीस यांच्या हातून. यातील बहुतेकांनी कोणाच्या अंगाला हातही लावला नाही. अर्जाचा नमुना भरला आहे का, मुद्रांक लावला आहे का, रकाना रिकामा तर नाही ना, एवढे त्यांनी चोख पाहिले. ‘विक्रेता राजी आहे काय’ असा रकाना त्या नमुन्यात नव्हता.

आमच्या पाठ्यपुस्तकातही तो नाही. येत्या सोमवारी त्याच वर्गावर तास आहे. मागच्या उत्तराची चूक कबूल करून १९४७ च्या त्या कायद्यातील व्याख्या फळ्यावर लिहून द्यावयाची, असे ठरविले आहे. परीक्षेत तिला गुण नाहीत, हेही मुलांना सांगावे लागेल.